एअरस्पीड मीटर चुकतोय, की पुस्तक दुसऱ्या विमानाचं आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. क्लबचं सेसना १७२एम, १९७४ चं मॉडेल. एअरस्पीड इंडिकेटरच्या, म्हणजे विमानाचा वेग दाखवणाऱ्या मीटरच्या, डायलवर बाहेरच्या कड्यावर मैल प्रति तास आणि आतल्या कड्यावर नॉट. विमानात ठेवलेल्या पुस्तकाप्रमाणे पिवळा पट्टा (सावधगिरीचा वेग) १२८ नॉटला सुरू व्हायला हवा आणि लाल रेघ (कधीही न ओलांडायची मर्यादा) १६० ला, पण डायलच्या नॉटच्या कड्यावर त्या १२६ आणि १५८ ला दिसतात. खालच्या बाजूला फरक आणखी मोठा आहे. हिरवा पट्टा (नेहमीच्या उड्डाणाचा) पुस्तकात ४७ पासून, डायलवर ५३ पासून. पांढरा (फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, खाली असतानाचा) पुस्तकात ४१ पासून, डायलवर ४७ पासून. तेव्हा मीटर काढून कॅलिब्रेशनला पाठवायचा का?

लगेच पाठवू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तरी डायल त्या विमानाचाच दिसतोय आणि पुस्तक दुसऱ्या विमानाचं. ४१, ४७, १२८ आणि १६० हे नॉटमधले आकडे १७२एनच्या पुस्तकातले आहेत, आणि एन हे १९७७ पासूनचं मॉडेल. १९७६ च्या एमच्या पुस्तकातही हीच पद्धत आहे, पण तुमचं विमान त्याच्याही आधीचं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. रंगीत खुणा या विमानासाठी ठरवून दिलेल्या जागी आहेत का, हा पहिला. काटा दाबाप्रमाणे बरोबर सरकतो का, हा दुसरा. पहिला कागदपत्रं आणि डोळे वापरून सुटतो, दुसऱ्याला टेस्ट सेट, म्हणजे मोजून दाब देणारं यंत्र, लागतो. मीटर शॉपमधून ‘ठीक आहे’ असं टॅग लावून परत आला म्हणून डायल तुमच्या विमानाचा आहे असं होत नाही. शॉप काटा तपासतं. ते मीटर कुठल्या सीरियल नंबरच्या विमानात बसणार आहे हे बहुतेक वेळा त्यांना माहीतही नसतं. उलट डायल अगदी बरोबर असूनही काटा पाच नॉट मागे असू शकतो. तुम्ही आकड्यांची तुलना केलीत म्हणजे पहिला प्रश्न विचारलात, आणि त्यावरून दुसऱ्याचं उत्तर काढायला निघालात.

आता आकडे. १ नॉट म्हणजे १.१५ मैल प्रति तास. १९७४ च्या १७२एमच्या खुणा मैलांत अशा आहेत: पांढरा पट्टा ५४ ते १००, हिरवा ६१ ते १४५, पिवळा १४५ ते १८२, लाल रेघ १८२. नॉटमध्ये आणल्या की ५४ चे ४७ होतात, ६१ चे ५३, १४५ चे १२६ आणि १८२ चे १५८. तुम्ही नॉटच्या कड्यावर वाचलेले आकडे नेमके हेच आहेत. डायल मैलांसाठी रंगवलेला आहे आणि नॉटचं कडं केवळ सोयीसाठी आत छापलेलं आहे.

मग एनच्या पुस्तकात १२६ ऐवजी १२८ आणि ५३ ऐवजी ४७ का? पंखाची आणि सांगाड्याची ताकद तर तेवढ्यात बदलली नाही. बदलली ती मोजण्याची भाषा. काटा दाखवतो तो इंडिकेटेड वेग. पिटो ट्यूब (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) आणि स्टॅटिक पोर्ट (आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब घेणारं भोक) जिथे बसवलेत त्या जागेमुळे येणारी चूक काढून टाकली की उरतो तो कॅलिब्रेटेड वेग. १७२ ची पिटो डाव्या पंखाखाली असते आणि स्टॅटिक पोर्ट पुढे फ्यूजलाजच्या, म्हणजे धडाच्या, डाव्या बाजूला. वेग कमी होऊन नाक वर गेलं की हवा पिटोच्या तोंडात तिरकी शिरते, स्टॅटिक पोर्टजवळचा प्रवाहही बदलतो, आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. यात मीटरचा काहीच दोष नसतो. त्याला जो दाब मिळतो तोच तो दाखवतो. एनच्या पुस्तकातला एअरस्पीड कॅलिब्रेशनचा तक्ता काढून बघा. फ्लॅप वर असताना इंडिकेटेड ५० असेल तर कॅलिब्रेटेड ५५. ७० ला दोन्ही सारखे. पुढे फरक उलटतो आणि इंडिकेटेड १३० ला कॅलिब्रेटेड १२८ येतं. आता तुमची यादी परत वाचा. वरच्या टोकाला पुस्तक दोन नॉट जास्त सांगतं आणि खालच्या टोकाला सहा नॉट कमी. बिघडलेला मीटर असा नेमका तक्त्याबरहुकूम चुकत नाही.

जुन्या विमानांत हा घोळ का होतो हे कळलं की पुढचं सोपं जातं. ही विमानं ज्या अमेरिकन नियमांखाली, म्हणजे सिव्हिल एअर रेग्युलेशन्सच्या भाग ३ खाली, प्रमाणित झाली त्यात डायलवरच्या खुणा कॅलिब्रेटेड वेगाला करायच्या असत. त्या काळच्या काही कागदांत याच वेगाला ‘ट्रू इंडिकेटेड एअरस्पीड’ म्हटलेलं सापडेल. ते वाचून हा ट्रू एअरस्पीड (हवेतला प्रत्यक्ष वेग) आहे असं समजू नका, तो कॅलिब्रेटेडच आहे. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या विमान उत्पादकांच्या संघटनेने, गामाने, पुस्तकांचा एकसारखा साचा ठरवला. सेसनाने १९७६ च्या मॉडेलपासून नॉट आणि इंडिकेटेड वेग घेतले. म्हणून १७२एम या एकाच नावाखाली दोन तऱ्हेची विमानं आहेत: १९७३ ते ७५ ची मैल आणि कॅलिब्रेटेडवाली, १९७६ ची नॉट आणि इंडिकेटेडवाली. त्यातही मॉडेलचं वर्ष आधीच्या कॅलेंडर वर्षातच सुरू होतं. त्यामुळे नोंदणीच्या कागदावर बांधणीचं वर्ष १९७५ असलं तरी विमान १९७६ च्या मॉडेलचं असू शकतं. सालावर जाऊ नका, सीरियल नंबरवर जा.

मी कुठलंही जुनं विमान हातात घेतलं की याच क्रमाने जाते. सगळ्यात आधी डेटा प्लेट, आणि तिच्यावरचं मॉडेल आणि सीरियल नंबर अंक न अंक उतरवून घेणं. मग टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे मॉडेलच्या मंजूर मर्यादांचा अधिकृत कागद. १७२ साठी ती ३ए१२ आहे, १५० आणि १५२ साठी ३ए१९, पायपर पीए-२८ साठी २ए१३. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, संकेतस्थळावर फुकट मिळते. तीत तुमच्या मॉडेलचा भाग शोधा आणि वेगाच्या मर्यादा वाचताना आकड्याइतकंच लक्ष बाजूच्या शब्दाकडे ठेवा: मैल की नॉट, कॅलिब्रेटेड की इंडिकेटेड, आणि कुठल्या सीरियल नंबरपासून कुठल्यापर्यंत. एकाच मॉडेलखाली सीरियलप्रमाणे दोन ओळी असतील तर चुकीची ओळ वाचली जायला एक क्षण पुरतो.

त्यानंतर पुस्तक. १ मार्च १९७९ च्या आधी एकदाही न उडलेल्या विमानांबरोबर मंजूर फ्लाइट मॅन्युअल असणं एफएएने सक्तीचं केलं. त्याआधीच्या बऱ्याच विमानांच्या मर्यादा प्लॅकार्ड (विमानात लावलेल्या सूचनापट्ट्या), डायलवरच्या खुणा आणि डेटा शीट अशा विखुरलेल्या असतात, आणि सोबत एक पातळ ओनर्स मॅन्युअल. तुमच्या विमानाला १९७४ च्या मॉडेलचं ओनर्स मॅन्युअलच हवं. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेली जाडजूड, व्यवस्थित दिसणारी पीडीएफ त्याची जागा घेत नाही. शेवटी लॉगबुक चाळा आणि एसटीसी (विमानात नंतर केलेल्या बदलांची मंजुरी) बघा. पंखाच्या पुढच्या कडेवर बसवलेलं एसटीओएल (कमी धावपट्टीत चढउतार करण्याचं) किट, मोठं इंजिन, वाढवलेलं कमाल वजन, यांपैकी काही असेल तर त्याबरोबर फ्लाइट मॅन्युअलचं सप्लिमेंट यायला हवं, आणि त्यातले आकडे मूळ पुस्तकावर मात करतात. एखाद्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने (सुरक्षेसाठीच्या सक्तीच्या आदेशाने) मर्यादा बदलली असेल तर तीही इथेच सापडते. यातलं काही तुमच्या विमानाला लागू असेल तर वर दिलेला माझा निष्कर्ष बदलू शकतो. आकडे जुळले असले तरी लॉगबुक बघितल्याशिवाय विषय संपला असं मानू नका.

आता डायल. डाव्या सीटवर बसा, डोळा मीटरच्या बरोबर समोर आणा आणि फोनने सरळ फोटो घ्या. बाजूने वाचलं तर पॅरॅलॅक्सनेच दोनतीन नॉट इकडेतिकडे होतात, आणि उजव्या सीटवरून बघणारा तर हमखास फसतो. फोटो मोठा करून प्रत्येक पट्ट्याची कड कुठल्या रेघेवर येते ते मैलांच्या कड्यावर वाचा, कारण खुणा त्याच कड्यासाठी केल्यात. पट्टे डायलवरच छापलेत की काचेवर चिकटवलेत तेही बघा. काचेवर असतील तर काच जागची हलली नाही हे कळायला काच आणि बेझेल (काचेभोवतीची चौकट) यांवरून जाणारी एक छोटी पांढरी रेघ लागते. ती तुटलेली दिसली तर काच फिरली आहे, आणि सगळे पट्टे एकाच दिशेने तेवढेच सरकले आहेत. अशा वेळी मैलांत मोजलेला फरक सगळीकडे एकसारखा नसेल, कारण डायलची आखणी खाली दाट आणि वर विरळ, किंवा उलट, असू शकते. फरक कोनात मोजा, म्हणजे लगेच लक्षात येईल.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे बदललेला मीटर. आतली यंत्रणा तीच, डायल वेगळा, आणि पार्ट नंबरमध्ये फरक फक्त डॅशनंतरच्या अंकांचा. उदाहरण १७२एलचं घ्या. तिची लाल रेघ १७४ मैलांना आणि पिवळ्याची सुरुवात १४० ला. एलचा मीटर एममध्ये बसला तर पायलट विनाकारण सावकाश उडेल, एवढंच. पण एमचा मीटर एलमध्ये बसला तर लाल रेघ मर्यादेच्या ८ मैल पुढे जाते, आणि बाहेरून दोन्ही विमानं आणि दोन्ही मीटर जुळ्या भावांसारखे दिसतात. म्हणून मीटरच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर, डॅशसकट, पार्ट्स कॅटलॉगमधल्या तुमच्या सीरियलच्या ओळीशी ताडून बघायला एएमईला (विमान देखभाल अभियंत्याला) सांगा. पॅनल उघडलंच आहे अशा वेळी हे पाच मिनिटांचं काम आहे.

दोन कड्यांच्या डायलवर आणखी एक चूक वारंवार होते. आपल्याकडे एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) नॉटमध्ये बोलतं, विद्यार्थी १७२एस किंवा १५२ वर शिकलेला असतो, आणि डोळा सवयीने नॉटच्या कड्याकडे जातो. ओनर्स मॅन्युअलमध्ये ‘१४५’ वाचून कुणी काटा नॉटच्या १४५ ला नेला तर प्रत्यक्षात तो १६७ मैलांना, पिवळ्याच्या मधोमध आहे. उलटीकडून, मैलांतला ७० चा अप्रोच (उतरायला येतानाचा) वेग नॉट समजून पाळला तर ८० मैल होतात आणि विमान उतरतच नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं.

अप्रोच वेगाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण यातली चूक जीवावर बेतू शकते. पांढऱ्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे फ्लॅप खाली असताना स्टॉल होतो (पंख विमान पेलेनासा होतो) त्या वेगाला, १.३ ने गुणून अप्रोच वेग काढायची सवय सगळ्यांना लागलेली असते. एनच्या पुस्तकातले ४१ इंडिकेटेड घेतले तर उत्तर ५३ येतं. पण हा गुणाकार कॅलिब्रेटेड वेगावर करायचा असतो. ४७ गुणिले १.३ म्हणजे ६१ कॅलिब्रेटेड, आणि फ्लॅप पूर्ण खाली असताना तक्त्यातून परत आणलं तर साधारण ५९ इंडिकेटेड. ५३ आणि ५९ मध्ये सहा नॉटचा फरक आहे, आणि तो सगळा स्टॉलच्या बाजूला आहे. तुमच्या डायलवर खुणा कॅलिब्रेटेडच्या असल्यामुळे तिथून निघालात तर गुणाकार तरी बरोबर येईल. मात्र स्टॉलच्या क्षणी काटा पांढऱ्या पट्ट्याच्या खाली गेलेला दिसेल. पट्ट्याचं टोक ४७ नॉटला आणि काटा ४१ च्या आसपास. शिकाऊ पायलट ते बघून म्हणतो की मीटर कमी दाखवतो. कमी दाखवतो हे खरं, पण ते अपेक्षितच आहे. म्हणून जुन्या विमानात स्टॉलच्या सरावावरून मीटरची परीक्षा करू नका. शिवाय खालची टोकं कमाल वजनासाठी असतात. एकटा पायलट आणि अर्धी टाकी असेल तर स्टॉल आणखी खाली येतो.

काट्याची तपासणी आता. अधिकृत सहीसाठी कॅलिब्रेटेड टेस्ट सेट आणि परवानाधारक एएमई हवाच. पण शंका खरी आहे का हे बघायला पाण्याचा साधा मॅनोमीटर पुरतो, आणि तोही एएमईच्या देखरेखीखालीच वापरा. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवा, अर्धी रंगीत पाण्याने भरा, एक तोंड टी-जोडाने मोठ्या सिरिंजला आणि पिटोवर घट्ट बसवलेल्या रबरी नळीला जोडा. पिटोला पाणी निघायचं बारीक भोक असतं, ते टेपने बंद करा. टेप लाल आणि लांब शेपटीचा लावा म्हणजे काढायचा राहणार नाही. पिटो हीटचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवा. सिरिंज अगदी सावकाश दाबा, आणि तोंडाने कधीही फुंकू नका. मीटरच्या आतली पत्र्याची डबी नाजूक असते, एका फुंकरीत काटा लाल रेघेपार जाऊन ती कायमची ताणली जाते. स्टॅटिक लाइनला दाब द्यायचा नाही आणि पिटोला ओढ द्यायची नाही.

दोन्ही भुजांमधल्या पाण्याच्या पातळीतला फरक मिलिमीटरमध्ये मोजा. ६० नॉटला तो ६० मिमी येतो, ८० ला १०६, १०० ला १६६, १२० ला २४०, १४० ला ३२८. चूक होते ती इथे: लोक एकाच भुजेत पाणी किती चढलं ते मोजतात, आकडा निम्मा येतो आणि मीटर भयंकर बिघडलाय असं वाटतं. हँगर किती उंचीवर आहे याने आकडे बदलत नाहीत, कारण मीटर समुद्रसपाटीच्या प्रमाण घनतेसाठी आखलेला असतो. उन्हाळ्यात पाणी ४० अंशांना गेलं तर १२० नॉटला अर्ध्या नॉटचा फरक पडतो, तो सोडून द्या. प्रत्येक आकड्यावर आधी काटा वाचा, मग पॅनलवर बोटाने हलकेच टिचकी मारून परत वाचा. उडताना इंजिनच्या कंपनाने काटा मोकळा राहतो, जमिनीवर तो अडकून बसतो. टिचकीने तीनचार नॉट उडी मारत असेल तर आत घर्षण आहे. चढताना आणि उतरताना एकाच दाबाला वेगळे आकडे आले तरी मीटर शॉपलाच जायला हवा. ६० नॉटच्या आसपास दोन नॉट म्हणजे जेमतेम ४ मिमी पाणी, तेव्हा खालच्या टोकाला पट्टी नीट धरून मोजा.

१२० नॉटवर सिरिंज तशीच धरून मिनिटभर थांबा. काटा घसरत असेल तर पिटो लाइन गळते आहे, आणि उडताना वेग कमी दिसणार. स्टॅटिक लाइन केबिनमध्ये गळत असेल तर उलटं होतं. केबिनमधला दाब बाहेरपेक्षा सहसा थोडा कमी असतो, म्हणून वेग जास्त दिसतो आणि अल्टिमीटरही जास्त उंची दाखवतो. वेग आणि उंची दोन्ही एकदम जास्त वाटत असतील तर मीटर सोडून आधी नळ्या बघा. पावसाळ्यानंतर पिटोत पाणी किंवा कुंभारमाशीची माती सापडणं नेहमीचंच, तेव्हा तपासणी सुरू करायच्या आधी टॉर्चने तोंडात बघून घ्या. शेवटी नळी काढल्यावर टेप काढला, भोक मोकळं आहे आणि ब्रेकर परत आत गेला, हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

तुमच्या विमानापुरतं आता काय करायचं? डेटा प्लेट, डायल आणि मीटरच्या मागचं लेबल, तिघांचे फोटो एएमईला द्या आणि ३ए१२ मधली तुमच्या सीरियलची ओळ त्यांच्यासोबत बसून वाचा. १९७४ चं ओनर्स मॅन्युअल मागवा. ते येईपर्यंत वरच्या मर्यादा डायलप्रमाणेच पाळा: पिवळा १४५ मैलांपासून, लाल १८२, फ्लॅप १०० मैलांच्या आत. मॅन्यूव्हरिंग वेग (ज्याच्या वर कंट्रोल पूर्ण फिरवायचे नसतात तो) डायलवर नसतो, तो प्लॅकार्डवर शोधा. १७२एमसाठी तो ११२ मैल आहे. प्लॅकार्ड पुसट झालं असेल तर नवीन लावून घ्या. आणि एनचं पुस्तक आजच विमानाच्या पाउचमधून बाहेर काढा, नाहीतर पुढचा विद्यार्थी त्यातले ४१ वाचून त्याला १.३ ने गुणेल.